कानुमाता पूल सर्व्हिसची नोटीस

उखा बागुलला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सुरतेत वेसू आणि पाल या भागांतल्या सोसायट्यांमधले अकरा पोहण्याचे तलाव ज्याच्या हाताखाली निळेशार राहतात, तो माणूस स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलेला नाही, हे कळलं की लोक हसतात. हसू द्या. उखा म्हणतो, "मला पाण्यात नाही उतरायचं, मला पाणी वळखायचं असतं." आणि ते त्याला येतं, अगदी डोळे झाकून येतं. तळव्यावर थोडं पाणी घेऊन हुंगलं की क्लोरीन किती कमी, किती जास्त, तो सांगतो. मग उगाच खात्री म्हणून पाणी तपासायची नळी काढतो, रंग बघतो आणि आपलंच बरोबर निघालं म्हणून स्वतःशीच मान डोलावतो. बघायला कुणी नसतं. सकाळी सहाला तलावावर कोण असणार?

उखा मूळचा शिंदखेड्याकडचा. आई तो दोन वर्षांचा असतानाच गेली, बाप असून नसल्यासारखा. त्याला वाढवलं सुभद्राबाईनं, म्हणजे त्याच्या काकूनं. काका सुरतेला कापडाच्या लूमवर लागला, तेव्हा काकूनं कडेवर स्वतःचं पोर आणि बोटाला उखा, असं नवागामच्या एका खोलीत बिऱ्हाड मांडलं. चौदाव्या वर्षी उखाही लिंबायतच्या लूममध्ये उभा राहिला. तिथून एका डाइंग मिलमध्ये गेला, आणि तिथं त्याचं नशीब पाण्याशी जुळलं. मिलचं रंगीत, फेसाळ पाणी स्वच्छ करायच्या टाक्यांवर त्याची ड्युटी होती. कुठलं औषध किती टाकलं की गाळ खाली बसतो, हे तो शिकला. पुढं मिलच्या शेठच्या डुमसकडच्या फार्महाउसवर मुलीचं लग्न निघालं आणि ऐनवेळी तिथला तलाव शेवाळानं हिरवागार झाला. सगळे हात टेकून बसले होते. उखानं तीन दिवसांत तळाच्या फरशीवरचं नक्षीकाम दिसेल असं पाणी करून दिलं. लग्नाला आलेल्या चौघांनी त्याचा नंबर घेतला. नोकरी सुटली ती अशी.

धंद्याला नाव काय द्यायचं, हा प्रश्न त्याच्या बायकोनं, रुक्मिणीनं, चपात्या लाटता लाटता सोडवला. "कानुमाता म्हना. आपलीच देवी शे. दुसरं कशाले शोधतस?" कानुमाता, म्हणजेच कानबाई, ही बागुलांच्या अख्ख्या कुळाची देवी. देवी म्हणून पुजायचा तिचा पिढ्यानपिढ्यांचा नारळ उखाच्याच घरी असायचा, कारण तो भाऊबंदांत वयानं मोठा. तर झालं, 'कानुमाता पूल सर्व्हिस'. निळ्या अक्षरांत पाटी रंगवली, आणि ती पाटी घेऊन उखा अकरा तलावांपर्यंत पोचला.

चार वर्षांपूर्वी रुक्मिणी गेली. मुलगी हर्षदा नाशिकला दिलेली. लिंबायतच्या दोन खोल्यांत उखा एकटा. माणूस एकटा राहिला की त्याचं बोलणं आटतं, हे कुणी मानत नाही, पण उखाचं आटलं. सकाळी वॉचमनला "हां भाई", किराणावाल्याला "अर्धा किलो", संध्याकाळी हर्षदाला फोनवर "हो, जेवलो." दिवसाला पन्नास शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी. कुणाशी बिनसलं तर काय बोलावं, हेच त्याला सुचेनासं झालं.

अशात त्याला नोटीस सापडली.

झालं असं की एका फार्महाउसवाल्यानं उखाचं काम बंद केलं आणि त्याचं तळ साफ करायचं व्हॅक्यूम मशीनच ठेवून घेतलं. "तुझं कशावरून?" म्हणे. उखाच्या तोंडून शब्द फुटेना. परत येताना कोर्टाजवळ जिन्यावर मराठी पाटी दिसली, म्हणून तो चढला. वर अॅडव्होकेट पल्लवी वानखडे. तिचे वडील अकोल्याहून बांधकामावर आलेले, ती जन्मली-वाढली सुरतेत, त्यामुळं तिची मराठीही गुजरातीची फोडणी दिलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मशीनचं बिल बघितलं आणि म्हणाली, "काका, चिंता नको करा ने. एक नोटीस टाकू." दोन पानी कागद, खाली शिक्का, रजिस्टर पोस्ट. आठव्या दिवशी मशीन उखाच्या दारात! वर पुसून-बिसून.

उखा चक्रावलाच. जे त्याला तोंडानं कधी जमलं नसतं ते दोन पानांनी केलं होतं. आणि काय ती भाषा! 'माझे अशील श्री. उखा बागुल यांस आपल्या कृत्याने तीव्र मनस्ताप झाला असून...' त्याला मनस्ताप झाला, हे आजवर कुणी लिहिलं होतं का? कुणी विचारलं तरी होतं का? तो कागद त्यानं रात्री तीनदा वाचला.

पुढं एका सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणा बाईनं टाकलं, की कानुमातावाल्याच्या औषधानं माझ्या पोरीचे केस हिरवे झाले. उखानं पाणी तपासलं, सगळं ठीक होतं. दोष होता त्यांच्या जुन्या तांब्याच्या पाइपांचा. पल्लवीची नोटीस गेली, बाईनं ग्रुपवर माफी मागितली. मग तिसरी नोटीस, चौथी. गल्लीतली पोरं चेष्टा करायला लागली, "अरे, उखाभाऊला नमस्कार कर, नाही तर नोटीस येईल!" उखालाही गंमत वाटायची. त्याच्याकडे नोटिशींच्या नकला ठेवायची एक फाइल झाली, आणि खरं सांगायचं तर ती फाइल चाळताना त्याला आपल्या पाठीशी कुणीतरी आहे असं वाटायचं.

आता गजेंद्रबद्दल. गजेंद्र म्हणजे काकूच्या कडेवरचं ते पोर, उखाचा चुलतभाऊ. वय चाळिशीकडे झुकलेलं, गडी गोडबोल्या, पण हातानं घाईचा. लूम बंद पडला तेव्हा उखानंच त्याला आपल्याबरोबर घेतलं, सहा वर्षं शिकवलं. मागल्या वर्षी तो वेगळा झाला. त्याचंही काही वाटायचं कारण नव्हतं, वेगळं कोण होत नाही? पण एके दिवशी पालच्या एका सोसायटीच्या चेअरमनचा फोन आला आणि तो उखावर असा तुटून पडला की विचारू नका. तुमच्या माणसानं क्लोरीनच्या रिकाम्या ड्रममध्ये ॲसिड ओतलं, धूर निघाला, वॉचमन खोकून खोकून अर्धा झाला, दवाखान्यात न्यावा लागला! उखा म्हणाला, "साहेब, तुमची सोसायटी माझ्याकडे नाहीच." चेअरमननं फोटो पाठवला. स्कूटर, मागं निळा डबा, डब्यावर 'कानुमाता पूल सर्व्हिस'. स्कूटर गजेंद्रची.

उखाच्या तोंडचं पाणी पळालं. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र करू नये, हा पहिल्या दिवसाचा धडा. तो त्यानंच गजेंद्रला हाताला धरून शिकवला होता. आणि आता ही गोष्ट वेसूभर होणार, अकराच्या अकरा सोसायट्या म्हणणार, कानुमातावाला नको. नाव गेलं तर उखाकडे उरतं काय? बायको नाही, पोरगी सासरी. सकाळी उठून जायला एक ठिकाण आहे ते त्या नावामुळं.

तो नवागामला निघाला होता, खरंच निघाला होता. काकूच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचला. ओट्यावर काकू लसूण सोलत बसलेली लांबून दिसली. शेजारी ती स्कूटर, तो डबा, ती निळी अक्षरं. उखाच्या डोक्यात सणक गेली. पण रागानं भरलेला माणूस आत जाऊन काय बोलतो? त्याला एक वाक्य जुळेना. पाच मिनिटं तसाच उभा राहिला आणि मागं फिरला, तो सरळ पल्लवीच्या जिन्यावर.

पल्लवीनं नाव-पत्ता लिहून घेतला आणि पेन थांबवलं. "हे पण बागुल? तुमच्या घरचेच आहे ने? काका, आधी जाऊन बोला ने एकदा."

"बोललेलं हवेत जातं," उखा म्हणाला. "तुम्ही लिहा."

तिनं लिहिलं. 'कानुमाता' हे नाव माझ्या अशिलाचे असून त्यावर आपला कोणताही हक्क नाही. पंधरा दिवसांत वापर बंद करावा. यापुढील सर्व व्यवहार केवळ वकिलामार्फत करावा. उखानं वाचलं आणि सही केली. कुळाच्या देवीचं नाव आपण एकट्याच्या सातबाऱ्यावर चढवतो आहोत, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो पाटीचा विचार करत होता. अहो, देवीचा विचार करायला डोकं ताळ्यावर लागतं.

पोचपावती आली. सहीच्या जागी सही नव्हती, अंगठा होता. काकूचा. गजेंद्र कामावर गेलेला असणार आणि पोस्टमननं पाकीट म्हातारीच्या हातात दिलं असणार. काकूला वाचता येत नाही. सरकारी पाकीट म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे बेड्या, एवढंच तिला ठाऊक. ते पाकीट हातात धरून ती दिवसभर दारात कशी बसली असेल, हे उखाच्या डोळ्यांपुढं आलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

नोटीस मात्र लागू पडली. गजेंद्रनं डब्यावर पांढरा रंग फासला. संध्याकाळी त्याचा फोन आला, एकच. आवाज रडवेला. "जिभाऊ, तू माले दोन कानफटात मारी देतास तरी चालनं असतं. मन्ही मायना हातमा कागद कशाले धाडा?" उखाला सांगायचं होतं, की मी आलो होतो रे, गल्लीपर्यंत आलो होतो. पण तोंडून निघालं ते एवढंच, "जे असेल ते वकीलबाईंशी बोल." फोन बंद झाला.

पालच्या चेअरमनला खरं काय ते कळलं, वेसूच्या सोसायट्यांनी उखाचं काम पुढं चालू ठेवलं. धंदा वाचला. नाव राहिलं, आणि एकट्या उखाचं राहिलं.

मग श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. आदल्या दिवशी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, ते दळतात, आणि त्या पिठाचे रोट करतात. देवीपुढं ठेवून ते सगळ्या भाऊबंदांनी मिळून खायचे. पीठ उरलं तर पौर्णिमेच्या आत संपवायचं. आणि बागुलांचा नियम मोठा कडक. कुळाबाहेरच्याला घास द्यायचा नाही, टाकायचं तर मुळीच नाही. लग्न झालेली लेकसुद्धा खात नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. भाऊबंदांना आवतण नसतं. आपल्याच घरी यायला आवतण कसलं?

शुक्रवारी श्रीरंगचा फोन आला. श्रीरंग म्हणजे भाऊबंदांतला उखानंतरचा वडीलधारा, तोंडाचा फटकळ. "भाऊ, औंदा आम्ही समदा काकूकडे जातस. तठे नवी कानबाई मांडी ऱ्हायनूत." उखानं विचारलं, काबर? तसा श्रीरंग भडकला. "काबर काय विचारस? कानुमाता काय तुन्ही एकलानी शे का? देवीना नाववर नोटीस काढस तू? आते ठेव तुन्ही कानुमाता तुन्हाजोडे!"

उखाच्या काळजाला घरं पडली. त्यानं फोन ठेवला. आत्ता कुठं त्याला कळलं, आपण काय लिहून बसलो ते.

तरी शनिवारी त्यानं गहू काढले. नाव घ्यायचं, मूठ काढायची. श्रीरंग, सव्वा मूठ. लखन, सव्वा मूठ. कुंदन, सव्वा मूठ. गजेंद्रच्या नावाला हात थांबला. मग ती मूठ त्यानं जरा भरूनच घेतली. स्वतःची धरून तेवीस नावं झाली. शहाणा माणूस असता तर एकट्यापुरते काढले असते. पण नाव गाळायचं म्हणजे तो माणूस मेला असं म्हणायचं, ते त्याच्यानं होईना. आणि आत कुठंतरी वेडी आशा होतीच, की ऐनवेळी येतील. जातील कुठं?

रविवारी त्यानं चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले, नारळाला नथ घातली. ही कामं बायकांची, दरवर्षी काकू पदर खोचून करायची आणि उखाला "बाजू व्हय, मधमा येऊ नको" म्हणून हाकलायची. रोट त्यानं स्वतः भाजले, वेडेवाकडे. बाहेर लिंबायतभर ढोल वाजत होते. प्रत्येक घरात चपलांचा ढीग, पोरांचा गोंधळ. उखाच्या दारात चपलांचा एकच जोड. चार वाजले, सहा वाजले, कुणी आलं नाही.

शेजारची शोभाबाई डोकावली. "उखाभाऊ, एकटेच? मी काही करू लागू का?" बाई चांगली, पण ती परक्या कुळाची. "नको, येतीलच आता," असं तो हसून म्हणाला. हर्षदाचा व्हिडिओ फोन आला. मागं रिकामी खोली बघून पोरीचा चेहरा उतरला. "पप्पा, मी उद्या निघून येऊ?"

"येऊन काय करशील बाळा? तुला खाता येत नाही."

फार एकटं वाटलं त्याला. रुक्मिणी गेली तेव्हासुद्धा एवढं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. काकू तेरा दिवस इथंच होती. गजेंद्र त्याच्या पायाशी झोपत होता.

सोमवारी त्यानं एकट्यानं तापीवर जाऊन पूजेचं विसर्जन केलं. आणि मग सुरू झालं ते खाणं. सकाळी रोट, दुपारी रोट, रात्री रोट. दुधात कुस्करून, गुळाशी, नुसतेच. तलावाच्या कडेला बसून डब्यातले रोट. चार दिवसांत पिठाच्या डब्याला जेमतेम खळगा पडला. तेवीस माणसांचं पीठ एक पोट किती संपवणार? टाकता येईना, देता येईना. पौर्णिमा तर पाच दिवसांवर आलेली.

शुक्रवारी दुपारी तो पल्लवीच्या जिन्यावर चढला. थकलेला, दाढी वाढलेली. "वकीलबाई, एक नोटीस लिहायची आहे."

"आता कोण, काका?"

"गजेंद्र बागुल. श्रीरंग बागुल. आणि बाकीचे वीस, मी नावं सांगतो. काकूच्या पत्त्यावर पाठवा." त्यानं श्वास घेतला. "लिहा की रोट उरलेत. त्यांच्या नावाचे काढलेत. येऊन खावेत. पंधरा दिवस नका लिहू, पौर्णिमेच्या आत. नाव पाहिजे असेल तर नाव पण घ्या म्हणावं. डब्यावर लिहा, स्कूटरवर लिहा. पण गजेंद्रला म्हणावं, औषधं हातात घ्यायच्या आधी मला विचार."

पल्लवीनं विचारलं, कसले रोट? तिला रोटाचं सगळं समजावून सांगावं लागलं. ऐकून तिनं चष्मा काढला. "काका, ह्याची नोटीस नाही होत. तुम्ही स्वतः जा ने नवागामला. इथून रिक्षानं अर्धा तास."

"जाऊन काय बोलू?" उखा म्हणाला. "दारात उभा राहीन आणि मागं फिरेन. एकदा फिरलोय. मला आता येत नाही हो बोलायला. तुम्ही लिहिता ते बरोबर असतं. ते लोक वाचतात."

तिनं संगणक सुरू केला. नावं विचारली, त्यानं सांगितली, न अडखळता, वयाच्या क्रमानं. मागणी लिहून झाली. मग ती थांबली. "काका, नोटिशीत शेवटी लिहावं लागते, मागणी पूर्ण नाही केली तर आम्ही काय करू ते. कोर्टात जाऊ, दावा टाकू, असं काहीतरी. इथं काय लिहू? 'आपण मुदतीत न आल्यास माझे अशील...' पुढे?"

उखानं खिडकीबाहेर बघितलं. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं हाका मारत होतं.

"लिहा," तो म्हणाला. "न आल्यास माझे अशील तेवीस जणांचं एकटेच जेवतील."

उखानं खिशातून पेन काढलं आणि सही कुठं करायची ते विचारलं.